परक्या लढाईत आपली मुले

कलबुर्गी आपल्या सोलापूरकरांना परगाव वाटत नाही. सकाळी गाडीत बसावे, अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड मागे टाकावे, की दोनेक तासांत माणूस तिथे. ख्वाजा बंदेनवाज (रह.) यांच्या उर्साला आपल्याकडून माणसे जातात, कितीतरी घरांची सोयरीक तिकडे आहे, दवाखाना-बाजार तर चालूच असतो. त्या कलबुर्गीतील तीन तरुण सप्टेंबर २०२४ मध्ये आपापल्या घरी परत आले. त्यांच्यासोबत तेलंगणचा एक तरुण होता. चौघे आले ते रशियाच्या सैन्यातून, युक्रेनच्या आघाडीवरून. घर सोडताना त्यांना सांगण्यात आले होते की काम सुरक्षारक्षकाचे, मदतनिसाचे आहे.

ते आले, अल्लाहचे शुक्र. सगळेच आले नाहीत. सुरतचा २३ वर्षांचा मुलगा फेब्रुवारी २०२४ मध्ये मारला गेला. हैदराबादचा ३० वर्षांचा तरुण, ज्याच्यामागे बायको आणि दोन लहान मुले होती, त्याच्या मृत्यूची बातमी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. त्याच महिन्यात अमृतसरचा एक गेला. पुढे केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातील दोघांच्या घरी असाच निरोप पोचला. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आकडे सांगितले: रशियन सैन्यात गेलेले १२६ भारतीय, त्यांपैकी ९६ सुटून परत आलेले, १२ मृत. उरलेल्या १८ जणांपैकी १६ जणांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. 'बेपत्ता' हा शब्द कागदावर लहान दिसतो. ज्या घरात तो पोचतो तिथे आईला जनाजाही मिळत नाही आणि आसही सोडता येत नाही. सुनेने इद्दत पाळायची की वाट पाहायची, याचे उत्तर कोणत्याही दूतावासाकडे नसते.

या लेखात आम्हाला बोलायचे आहे ते कायद्याबद्दल. आपल्या देशाचा नागरिक दुसऱ्याच देशाच्या लढाईत उतरला तर कायदा त्याला काय म्हणतो? गुन्हेगार, की फसवला गेलेला? आणि त्याला तिथे नेणाऱ्याला काय म्हणतो? आपल्या घरांत या विषयावर दबक्या आवाजात बोलतात, कारण 'परदेशातील लढाई' म्हटले की लगेच एक वेगळाच संशय समोर उभा राहतो. त्या संशयाबद्दलही बोलू. पण आधी सापळा कसा लागतो ते पाहू.

सापळ्याची सुरुवात मोबाईलच्या पडद्यावर होते. एखाद्या यूट्यूब वाहिनीवर एक हसतमुख माणूस मॉस्कोच्या रस्त्यावर उभा राहून सांगतो की इथे मदतनिसाची नोकरी आहे, लढायला जायचे नाही, महिना दीड-दोन लाख रुपये मिळतील, काही महिन्यांनी कायमचे राहण्याचे कागद आणि पुढे रशियाचा पासपोर्ट. त्यासाठी एजंटाला काही लाख द्यायचे. मुलगा आधी दुबईत किंवा मुंबईत बारा तासांची ड्युटी करून आलेला असतो, त्याला हा हिशेब पटतो. अम्मीचे दागिने गहाण पडतात, आणि मुलगा पर्यटक व्हिसावर विमानात बसतो. परत आलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी जे सांगितले त्यात पुढचा भाग जवळजवळ सारखाच आहे. तिथे पोचल्यावर रशियन भाषेतील करार समोर ठेवला जातो. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही, तो सही करतो. पासपोर्ट काढून घेतला जातो, जेमतेम काही दिवसांचे प्रशिक्षण होते, हातात बंदूक येते. मग खंदक खणणे, दारूगोळा वाहणे, वरून ड्रोन.

करार एक वर्षाचा, असे एजंट सांगतो. त्यात मोठी मेख आहे. रशियाच्या अध्यक्षांनी सप्टेंबर २०२२ मध्ये सैन्यभरतीचे जे फर्मान काढले त्याने सैनिकांचे करार मुदत संपल्यावरही चालूच राहतात. म्हणजे वर्ष भरले म्हणून कोणी विमानाचे तिकीट हातात देत नाही. ही एक गोष्ट जरी आपल्या मुलांना ठाऊक असती तरी निम्मे तरी थांबले असते, असे आम्हाला वाटते.

दुसराही एक रस्ता आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुजरातमधील मोरबीचा २२ वर्षांचा एक मुस्लिम तरुण युक्रेनच्या सैन्याच्या हाती लागला. तो रशियाला शिकायला गेला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अमली पदार्थांच्या प्रकरणात त्याला तुरुंगवास झाला, आणि तुरुंगातून सुटायचे असेल तर सैन्याचा करार कर, असा पर्याय पुढे आला. त्याने करार केला आणि काही दिवसांतच शरण गेला. म्हणजे धोका नोकरी शोधणाऱ्यालाच आहे असे नाही. स्वस्तात वैद्यकीय किंवा इंजिनिअरिंगचे शिक्षण म्हणून रशियाला मुले पाठवणाऱ्या पालकांनीही कान टवकारावेत.

आता कायदा. भारतीय दंडविधानात १८६० पासून कलम १२५ होते. भारत सरकारशी मैत्री किंवा सलोखा असलेल्या 'आशियाई सत्तेविरुद्ध' जो कोणी युद्ध करील, तसा प्रयत्न करील किंवा त्याला चिथावणी देईल, त्याला जन्मठेपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत शिक्षा. इंग्रजांना आपल्या शेजारच्या राज्यांशी विनाकारण भांडण नको होते, म्हणून हे कलम आले. पुढे दीडशे वर्षे ते पुस्तकात जवळजवळ झोपून राहिले.

त्याला जाग आली ती इराक-सीरियामुळे. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण जियारतीला जाणाऱ्या एका जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तिथून नाहीसे झाले. त्यांतला एक नोव्हेंबरमध्ये परत आला, उरलेले तिघे आले नाहीत. परत आलेल्यावर कलम १२५ आणि यूएपीए कायद्याखाली खटला भरला गेला. मार्च २०२० मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण प्रत्यक्ष सुटका फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो जामीन कायम केल्यावर झाली. खटला पुढे सरकत नाही, हे उच्च न्यायालयाने त्या वेळी महत्त्वाचे मानले. तोवर सहा वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. कोचीच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये आणखी एकाला, जो इराकमध्ये जाऊन इसिसला मिळाला होता, याच कलमाखाली दोषी धरले आणि जन्मठेप सुनावली.

या प्रकरणांनी आपल्या समाजावर जी सावली पडली ती आपण सगळ्यांनी सोसली आहे. भाड्याने घर मागताना, पासपोर्टची पोलीस पडताळणी होताना, कॉलेजात नाव सांगताना. देशातील हजाराहून अधिक उलेमांनी २०१५ मध्ये इसिसच्या विरोधात फतव्यावर सह्या केल्या, ते फारसे कोणाला आठवत नाही. आणि आता रशियाच्या सैन्यात गेलेल्यांची यादी पाहा. तिच्यात गुजरातचा हिंदू आहे, पंजाबचा शीख आहे, केरळचा ख्रिस्ती आहे, हैदराबाद-कलबुर्गीचा मुसलमान आहे. परक्या लढाईत मरायला नेणारी गोष्ट बहुतेक वेळा मजहब नसते. कर्ज असते, बहिणीचे लग्न असते, गावात काम नसते. आम्ही हे समाधानासाठी लिहीत नाही. घरात बोलायची भीती सुटावी म्हणून लिहितो. ज्या घरात भीतीने बोलणे बंद होते त्या घरातल्या मुलाशी यूट्यूबवरचा माणूस बोलतो.

पुन्हा कलमाकडे. रशियाकडून लढलेल्या आपल्या मुलांवर कलम १२५ लागले असते का? शब्दावर बोट ठेवले तर नाही, कारण युक्रेन आशियात नाही. पण १ जुलै २०२४ पासून दंडविधान गेले आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात तेच कलम आता १५३ क्रमांकाने आहे, शिक्षाही तीच. फरक एकाच जागी पडला: 'आशियाई सत्ता' गेली, आणि भारताशी सलोखा असलेले 'कोणतेही परदेशी राज्य' आले. युक्रेनशी भारताचा सलोखा आहे. म्हणजे त्या तारखेनंतर जो आपल्या मर्जीने तिकडे जाऊन बंदूक धरील, त्याच्यावर हे कलम कागदावर तरी लागू शकते. आजवर सरकारने या मुलांना फसवले गेलेले मानले, आरोपी मानले नाही, आणि ते योग्यच झाले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान मॉस्कोला गेले तेव्हा त्यांनी हा प्रश्न रशियाच्या अध्यक्षांपुढे मांडला आणि नंतर मुले सुटू लागली. पण सप्टेंबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पुन्हा जाहीर इशारा दिला की अशा भरतीपासून दूर राहा. इतके इशारे होऊनही जाणाऱ्याला 'मला माहीत नव्हते' हे म्हणणे दिवसेंदिवस कठीण होणार, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे.

एक गैरसमज मात्र नको. परक्या देशाच्या सैन्यात नोकरी करणे हाच मुळात गुन्हा, असे जगात कुठे सरसकट नाही. आपल्याच सैन्यात नेपाळचे गोरखे आहेत. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात समझोता झाला, त्यावर ती भरती उभी राहिली. तिथे दोन सरकारे एकमेकांना ओळखतात, पगार, पेन्शन, मयताचा हक्क सगळे ठरलेले आहे. त्याच नेपाळने जानेवारी २०२४ मध्ये आपली मुले रशिया-युक्रेनच्या लढाईत मरू लागल्यावर या दोन्ही देशांत कामाला जाण्याचे परवाने थांबवले. कायद्याला पडणारा प्रश्न हा आहे की पाठवतो कोण, कोणत्या करारावर, आणि काही झाले तर जबाबदार कोण.

आपल्या सोलापूरचेच उदाहरण घ्या, आणि ते साधेसुधे नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी इथे जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. १९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली, आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक ठरवले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पाचजण मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस १९३९ मध्ये आठव्या मार्ग सेनेला मिळाले, जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथल्याच गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, मुलगा झाला. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वय अवघे ३२, ते तिथेच वारले. चारजण मायदेशी आले, पाचवा आला नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. चीनचे पाहुणे भारतात येतात तेव्हा त्यांच्या नातलगांना अजून भेटतात.

आता थोडा वकिली विचार करून पाहू. १९३९ ते १९४१ या काळात इंग्लंड आणि जपान यांच्यात युद्ध नव्हते. ते पेटले डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे जपान ही ब्रिटिश सरकारशी सलोखा असलेली, आणि नकाशावर अगदी आशियाई, सत्ता होती. कोटणीस त्या सत्तेशी लढणाऱ्या सेनेत होते. कलम १२५ चे शब्द घेऊन एखादा उत्साही सरकारी वकील उभा राहिला असता तर? राहिला नाही, कारण कोटणिसांच्या हातात चिमटा आणि टाके घालायची सुई होती. जखमी माणसाचे ऑपरेशन करणे म्हणजे युद्ध करणे नव्हे, हे इंग्रज सरकारलाही कळत होते. त्याने पासपोर्ट देऊनच त्यांना जाऊ दिले होते.

आपल्या लोकांचीही अशी एक गोष्ट आहे, ती मुलांना सांगितली पाहिजे. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटले, तुर्कस्तानचे सैनिक जखमी होऊन पडत होते, आणि हिंदुस्थानातील मुसलमानांचे मन तिकडे ओढ घेत होते. मौलाना मुहम्मद अली यांच्या 'कॉम्रेड' पत्रातून वर्गणीचे आवाहन झाले. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय पथक उभे राहिले आणि डिसेंबर १९१२ मध्ये मुंबई बंदरातून निघाले. व्हाइसरॉयची संमती त्याला होती. सहा-सात महिने काम करून मंडळी परत आली. त्यांच्यात अलीगढचे तरुणही होते, ज्यांना डॉक्टरी येत नव्हती, ते शुश्रूषेला आणि पडेल त्या कामाला गेले होते. मन पेटलेल्या तरुणांना मोठ्या माणसांनी चारचौघांत उभे राहून एक सरळ रस्ता दाखवला, हे आम्हाला त्या पथकाच्या कामाइतकेच मोलाचे वाटते. आज गाझाची दृश्ये पाहून आपल्या मुलांचे मनही पेटते. त्यांना नुसते 'गप्प बस' म्हणून भागत नाही.

दीनची बाजू आम्ही इथे थोडक्यात सांगतो, सविस्तर आलिमांना विचारावे. सूरह अल्-अन्फालच्या ७२ व्या आयतीत मदतीसाठी हाक मारणाऱ्यांना मदत करण्याचे कर्तव्य सांगितले आहे, आणि त्याच आयतीत अपवादही सांगितला आहे: ज्या लोकांशी तुमचा करार आहे त्यांच्याविरुद्ध नाही. बद्रच्या वेळचा हजरत हुजैफा (रजि.) यांचा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. ते आणि त्यांचे वडील मदीनेला येत असताना कुरैशांनी अडवले आणि लढाईत भाग घेणार नाही असे वचन घेऊन सोडले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना वचन पाळायला सांगितले, आणि ते दोघे बद्रच्या मैदानात उतरले नाहीत. माणसे किती कमी होती ते आपल्याला ठाऊक आहे. तरीही. आणि जिहादची परवानगी मागायला आलेल्या माणसाला आई-वडील हयात आहेत का असे विचारून त्यांच्या सेवेला परत पाठवल्याची हदीस तर आपल्या मुलांना मदरशापासून पाठ असते. पगारासाठी परक्या सेनेत जाऊन, ज्याच्याशी आपले काही भांडण नाही अशा माणसावर गोळी झाडणे यांतल्या कशात बसते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

नेणाऱ्याला कायदा काय म्हणतो, इथे आमची खरी तक्रार आहे. ब्रिटनने १८७० मध्ये परकीय सैन्यभरतीचा कायदा केला, त्यात परवानगीशिवाय परक्या लढाईत जाणारा नागरिक स्वतः गुन्हेगार ठरतो. हिंदुस्थानसाठी १८७४ मध्ये जो कायदा झाला त्याचा रोख वेगळा होता. परक्या राज्यासाठी इथे माणसे गोळा करायला मनाई करण्याचा अधिकार सरकारने घेतला, आणि ती मनाई मोडून भरती करणारा गुन्हेगार ठरवला. इंग्रज आपल्या भल्यासाठी कायदे करीत नव्हते, पण दलालाला धरले पाहिजे हे त्यांना समजले होते.

आजच्या दलालावर काय आहे? सीबीआयने मार्च २०२४ मध्ये सात शहरांत तेरा ठिकाणी छापे घातले, मुंबईही त्यांत होती. व्हिसा कंपन्या आणि एजंटांवर फसवणूक, कट आणि मानवी तस्करीची कलमे लावली. अशी सुमारे ३५ माणसे पाठवल्याचे त्या वेळी सांगितले गेले. तस्करीचे कलम कडक आहे. पण मुळात परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी जो कायदा आहे, १९८३ चा उत्प्रवासन कायदा, त्यात नोंदणीशिवाय भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. दोन हजार! एका मुलामागे लाखो रुपये घेणारा माणूस हा दंड चहाच्या बिलासारखा भरेल. शिवाय ज्या देशांना जाताना दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सरकारची मंजुरी लागते ते मुख्यतः आखाती आणि काही इतर देश आहेत, रशिया त्यात नाही. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्याला तर कोणी विचारीतच नाही. सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा पुढे ठेवला आहे. त्यात दलालाचा दंड त्याच्या कमाईला शोभेल इतका व्हावा, अशी मागणी आपल्या खासदार-आमदारांकडे जमातींनी आणि संस्थांनी लेखी केली पाहिजे. हैदराबादचे खासदार असदुद्दीन ओवेसी यांनी २०२४ च्या सुरुवातीला आवाज उठवला नसता तर ही मुले कुठे अडकली आहेत हे देशाला कळायला आणखी उशीर झाला असता.

आणि तो पासपोर्टचा मोह. रशियाने जानेवारी २०२४ मध्ये सैन्याचा करार करणाऱ्या परदेशी माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला नागरिकत्व देण्याची सोय केली, ती एजंट मोठ्या आवाजात सांगतो. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ तो सांगत नाही. आपल्या मर्जीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. मग तो मुलगा आपल्याच मोहल्ल्यात परदेशी पाहुणा.

मागच्या महिन्यात विजापूर वेशीजवळ राहणाऱ्या एका बीडी कामगार आपांनी आम्हाला त्यांच्या मुलाचा मोबाईल दाखवला. व्हॉट्सॲपवर निरोप होता: रशिया, गोदामात पॅकिंग, भाषा येण्याची गरज नाही, राहणे-जेवण फुकट, पंधरा दिवसांत व्हिसा. मुलगा पंचविशीचा, टॉवेलच्या कारखान्यात कामाला, आठवड्यातून चारच दिवस काम मिळते. आपा म्हणाल्या, भाई, सगळेच काही फौजेत जात नसतील ना? नसतील. रशियात कारखान्यांत, बांधकामावर खरोखर काम करणारी भारतीय माणसेही आहेत, हे आम्ही त्यांना सांगितले. म्हणूनच खरे-खोटे घरी बसून, विमानात बसण्याआधी पाहायचे.

एजंटाला आम्ही त्यांच्यासमोरच फोन लावला. नोंदणी क्रमांक विचारला. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या प्रत्येक एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे लागते आणि ई-मायग्रेट संकेतस्थळावर तिचा क्रमांक तपासता येतो. त्याने सांगितले, क्रमांक ऑफिसात आहे. फी विचारली तर अडीच लाख. कायद्याने नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. व्हिसा कोणता, तर 'आधी टुरिस्ट, तिथे गेल्यावर वर्क'. इथेच फोन ठेवावा. करार कोणत्या भाषेत आहे आणि तो निघण्याआधी हातात मिळेल का, हे विचारायची वेळच आली नाही.

आपांचा मुलगा थोडा नाराज झाला, तो स्वाभाविक आहे. चार दिवसांच्या मजुरीत घर चालत नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नाही आणि आमच्याकडे त्याचे तयार उत्तर नव्हते. आखातातील नोंदणीकृत जागांची माहिती काढून देण्याचे आम्ही कबूल केले आहे.

ज्यांची मुले आधीच तिकडे आहेत त्यांच्यासाठी एवढे. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, एजंटाशी झालेले चॅट, पैसे पाठवल्याच्या पावत्या यांच्या प्रती घरात ठेवा, फोनमधले काही पुसू नका. सीबीआय असो वा स्थानिक पोलीस, दलालापर्यंत पोचण्याचा धागा तोच असतो. मुलगा सैन्यात ओढला गेल्याचा संशय आला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि मॉस्कोतील भारतीय दूतावासाला लिहा. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फोन १८००११३०९० हा आहे, भारतातून त्याला पैसे पडत नाहीत. पोलीस आपल्यालाच उलटे विचारतील या भीतीने काही घरे महिना-दोन महिने गप्प राहतात. तो वेळ फार महाग पडतो. मुलगा युक्रेनच्या हाती लागला असेल तर तो रीतसर सैन्याचा करार केलेला असल्याने युद्धकैदी म्हणून जिनिव्हा कराराचे संरक्षण मागता येते. भाडोत्री सैनिकाला ते मिळत नाही. म्हणून त्या न वाचता सही केलेल्या कराराचा फोटो त्याने पाठवला असेल, तर तोही जपून ठेवा.